गाडी बंद, आवाज चालू

जेवून हात धुता धुता धाकट्याने ठरवून टाकलं की दादाचं घोरणं आता आपणच दुरुस्त करायचं. धाकट्याचे सगळे निर्णय हात धुता धुताच होत. हात पुसून होईपर्यंत विचार करावा एवढा दम त्याला कधी नव्हताच. शाळासुद्धा त्याने अशीच सोडली होती. नळावर पाणी प्यायला म्हणून वर्गातून बाहेर पडला, तो परत आत गेलाच नाही.

(थोरला आता नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ही गोष्ट ऐकताना लोक पोट धरून हसतात आणि शेवटी डोळे पुसत विचारतात, "मग हल्ली कुठे असतात ते?" मग सांगणाऱ्याची जी पंचाईत व्हायची ती होतेच. तेव्हा ते सांगून झालं. आता हसायला हरकत नाही. या गोष्टीवर पहिला तोच हसला होता.)

तर तेव्हा थोरला होता, आणि चांगला दणदणीत होता. दोघा भावांचं गॅरेज होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या. एका खोलीत थोरला आणि वहिनी, दुसऱ्या खोलीत धाकटा आणि जुने टायर. मध्ये भिंत होती, पण थोरल्याच्या घोरण्यापुढे ती भिंत म्हणजे नुसती कॅलेंडर लावायची सोय. थोरला घोरायला लागला की आधी थंडीत डिझेल इंजिन सुरू करावं तसे दोन-तीन आचके यायचे. मग इंजिन लागायचं. मग गाडी घाटाला लागायची. ऐन चढावर एकदम सगळं गप्प व्हायचं, आणि घरातली माणसं श्वास रोखून वाट बघायची की आता मागे येते की पुढे जाते. मग एक मोठा हिसका, की लागला उतार. दुपारी तो तासभर आडवा व्हायचा तेव्हा रस्त्यावरचं एखादं गिऱ्हाईक शेडमध्ये डोकावून सांगायचं, "अहो, ती मागची गाडी बंद करा, उगाच डिझेल जळतंय."

याचा खरा त्रास होता वहिनीला. म्हणजे धाकटाही म्हणायचा की मला रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. हे तो सकाळी इतक्या टवटवीत चेहऱ्याने सांगायचा की कुणी फारसं मनावर घेत नसे.

वहिनीला शाळेची बस चालवायची होती. शाळेचा जुना ड्रायव्हर, ज्याला सगळी मुलं बसकाका म्हणत, आता थकला होता आणि आपली जागा वहिनीला मिळावी म्हणून हटून बसला होता. हिला गाडी शिकवायची नसते, नुसती किल्ली द्यायची असते, असं तो मोठ्या बाईंना सांगून आला होता. अडचण एवढीच, की मोठ्या गाडीच्या लायसनसाठी परीक्षा द्यावी लागते आणि वहिनी त्यात दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा ती लाल दिव्यापाशी नियमाप्रमाणे थांबली, आणि हिरवा झाला तरी थांबूनच राहिली. शेजारी बसलेल्या साहेबांना वाटलं, फारच सावध बाई आहे. मग त्यांनी वाकून पाहिलं. दुसऱ्यांदा बस मागे घेता घेता साहेब "थांबा" म्हणाले. तिने ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला, स्टेअरिंगवर कपाळ टेकलं, आणि पुढचं तिला काही आठवत नाही. आता तिसरी आणि शेवटची वेळ होती. या खेपेला नाही जमलं तर शाळा दुसरा माणूस बघणार होती.

"भाऊजी, मला गाडी येते हो," ती धाकट्याला म्हणाली होती. "नुसतं जागं राहायला येत नाही."

आणि ती पुढे असंही म्हणाली होती की या खेपेला नापास झाले तर मी माहेरी जाऊन महिनाभर झोपणार आहे, उठवायला कुणी यायचं नाही.

धाकट्याच्या काळजात ते वाक्य रुतलं. आई गेल्यापासून त्या घरात वेळेवर चहा, धुतलेला शर्ट आणि "जेवलात का" असं विचारणं, हे सगळं वहिनीमुळेच होतं. ती माहेरी गेली तर घराचं काय होणार, हे त्याला स्वतःच्या खोलीतल्या टायरांकडे बघूनच कळत होतं.

डॉक्टर वगैरे सगळं करून झालं होतं. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा आणि कुशीवर झोपा. वजन उतरवायचं थोरल्याने मनापासून कबूल केलं आणि तो विषय तिथेच मिटला. कुशीवर झोपण्यासाठी धाकट्याने त्याच्या बनियनच्या पाठीवर मधोमध एक मोठा नट शिवून टाकला, म्हणजे उताणा झाला की टोचेल. थोरला त्या नटावर रात्रभर सुखाने उताणा झोपला आणि सकाळी पाठीला हात लावून म्हणाला, "अरे, हा इथे होता होय? मी आठवडाभर शोधतोय."

तेव्हा धाकट्याने धंद्याच्या पद्धतीनेच जायचं ठरवलं. गाडी आवाज करते तर मिस्त्री काय करतो? लांब स्क्रूड्रायव्हर घेतो, त्याचं टोक इंजिनाला टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. आतला आवाज नेमका कुठून येतोय ते दांड्यातून कळतं. ही विद्या त्याला थोरल्यानेच शिकवली होती. म्हणून त्या दुपारी धाकटा झोपलेल्या थोरल्यापाशी गेला आणि स्क्रूड्रायव्हर आधी छातीला, मग गळ्याला, मग नाकाच्या शेंड्याला लावून डोळे मिटून ऐकत बसला. नेमकी त्याच वेळी वहिनी कपडे आत घ्यायला आली. नवऱ्याच्या गळ्यावर स्क्रूड्रायव्हर धरून बसलेला दीर पाहिल्यावर बाईने खरं तर ओरडायला हवं. वहिनी फक्त म्हणाली, "मारायचं असेल तर परीक्षेच्या आधी मारा."

तपासणीत निघालं असं, की आवाज गाडी सपाट जागी उभी असतानाच येतो, पुढची बाजू उचलली की कमी होतो. धाकट्याने पलंगाच्या डोक्याकडे जॅक लावला. एक-एक दाब देत तो पलंग उचलत गेला, आणि खरोखरच, एका ठरावीक उंचीला घोरणं बंद झालं. घरात अशी शांतता पसरली की वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग थोरला हळूहळू खाली घसरू लागला. पायथ्याच्या फळीला पाय टेकून तो जवळजवळ उभा झोपला, तेही चाललं असतं, पण गुडघे दुमडत होते. म्हणून धाकट्याने भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट आणून त्याला पलंगाला बांधलं. पण जॅक जुना होता, त्याचं तेल गळत होतं. पलंग पहाटेपर्यंत कळेल न कळेल असा खाली येत राही आणि आवाज तसतसा वर चढत जाई. वहिनी म्हणाली, त्यापेक्षा एकदम होतं ते बरं होतं. आता तर वाट बघत जागावं लागतं.

अशा रीतीने परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षा दुपारी चारला होती. रात्र नेहमीसारखीच गेली होती आणि वहिनीने सकाळी चहात साखरेऐवजी कपडे धुण्याची पावडर घातली (धाकट्याने निम्मा कप प्यायल्यावर सांगितलं, की फेस जरा जास्त आहे). जेवणानंतर दोन तास तरी सलग झोप मिळाली नाही, तर स्टेअरिंगवर पुन्हा कपाळ टेकणार हे उघड होतं.

हात धुता धुता धाकट्याला शेडमधली व्हॅन दिसली.

ती व्हॅन गाद्या विकणाऱ्या एका दुकानदाराची होती. मागच्या चाकातून घुर्रघुर्र आवाज येतो म्हणून त्याने ती आणून दिली होती, आणि थोरल्याने सकाळीच बेअरिंग बदलून काम संपवलं होतं. गादीवाला संध्याकाळी यायचा होता. आत तीन नव्या गाद्या होत्या, चारी बाजूंना फोम ठोकलेला होता, ड्रायव्हरच्या पाठीमागे भक्कम फळी आणि तिला हवेसाठी एक जाळी. घोरणाऱ्या माणसाला याहून चांगली खोली राजवाड्यातही मिळाली नसती. थोरल्याला सांगितलं तर तो लगेच तयार झाला. वहिनी पास व्हावी असं त्याच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. तो पायातल्या चपला काढून व्हॅनमध्ये चढला, दार ओढून घेतलं, आणि जरा वेळाने बाहेर नुसती लांबच्या डोंगरात कुठेतरी लॉरी जावी तेवढी गुणगुण ऐकू येऊ लागली.

धाकट्याने वहिनीला आत झोपायला पाठवलं आणि स्वतः शेडच्या तोंडाशी टायरांच्या चळतीवर पहाऱ्याला बसला. हॉर्न वाजवू द्यायचा नाही, हातोडी पडू द्यायची नाही, मांजराला सुद्धा पायांवर नियंत्रण ठेवायला लावायचं. तीनला बसकाका येणार होता. शाळेची बस ब्रेकचं काम होऊन मागच्या अंगणात उभी होती, तीच परीक्षेला न्यायची होती. तोवर या घरात पान हललं तरी गाठ माझ्याशी आहे, असा चेहरा करून धाकटा बसला.

त्याने डोळे उघडले तेव्हा ऊन टायरांवरून खाली उतरलं होतं.

शेडमध्ये व्हॅन नव्हती. धाकट्याने दोनदा डोळे चोळले, तरी नव्हती. तो आत धावला. खोलीत वहिनी नव्हती. उशी होती, चादर होती, पण वहिनी नव्हती. अंगणात गेला, तर तिथे बस नव्हती. भिंतीला टांगलेल्या थोरल्याच्या शर्टात त्याचा फोन होता आणि व्हॅन उभी होती तिथे त्याच्या चपला होत्या. म्हणजे एवढं मोठं कुटुंब, दोन वाहनं, आणि शिल्लक काय, तर एक धाकटा आणि चपलांचा एक जोड.

शहाण्या माणसाने इथे दोन मिनिटं बसून विचार केला असता. धाकट्याने वहिनीच्या माहेरी फोन लावला आणि तिच्या आईला विचारलं, "वहिनी पोचली का?" ती माउली म्हणाली, कुठून निघाली? कधी? का? धाकटा म्हणाला, काळजी करू नका, दादाही सापडत नाहीये. आणि त्याने फोन ठेवला. (आईला धीर यावा म्हणून तो असं म्हणाला होता. म्हातारी त्याच पावली रिक्षात बसली.)

मग त्याने गादीवाल्याला फोन लावला. तो बोलायच्या आधीच गादीवाला उसळला. अचानक माल पोचवायचं काम आलं म्हणून मी दुसरी किल्ली घेऊन आलो, तुम्ही झोपला होता म्हणून माणुसकीने उठवलं नाही, आणि गाडी काढतोय तर आवाज तसाच. तुमच्या शेडमध्ये तर दोन-दोन ठिकाणांहून ऐकू येत होता. (हे वाक्य धाकट्याच्या एका कानातून शिरलं आणि वाटेत कुठे न थांबता दुसऱ्यातून निघून गेलं.) शेवटी मी गाडी कानवाल्याकडे आणलीय.

कानवाले म्हणजे पलीकडच्या चौकातले मिस्त्री. गाडी न उघडता नुसत्या कानाने रोग सांगतात अशी त्यांची ख्याती होती, आणि थोरल्याची त्यांच्याशी जुनी चढाओढ होती.

"आवाज कसला येतोय?" धाकट्याने विचारलं.

"ऐका," गादीवाला म्हणाला आणि त्याने फोन व्हॅनला लावला.

धाकट्याने ऐकलं. दोन आचके. घाट. मग ऐन चढावर ती ओळखीची शांतता. मग हिसका आणि उतार.

"अहो, तो बंद करू नका," धाकटा म्हणाला. "तो माझा भाऊ आहे."

पलीकडे गादीवाल्याने फोन पुन्हा स्वतःच्या कानाला लावला. मग गादीवाला हळूच म्हणाला, "पण हे म्हणतायत मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल आहे."

धाकटा चपला बगलेत मारून धावत सुटला. तो पोचला तेव्हा व्हॅन चार जॅकवर चढवलेली होती, मागची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवली होती आणि कानवाले लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून गाडीखाली आडवे झाले होते. भोवती माणसं जमली होती. झालं होतं असं, की कानवाल्यांनी आधी इंजिन चालू ठेवून ऐकलं. मग म्हणाले, आता बंद करा. इंजिन बंद केलं, तरी आवाज चालूच. गादीवाल्याने घाबरून विचारलं, हे कसं काय? कानवाले गंभीर होऊन म्हणाले, म्हणजे आजार जुना आहे. मग गाडीची पुढची बाजू जॅकवर उचलली तर आवाज थांबला. मागची उचलली तर पुन्हा सुरू. कानवाले म्हणाले होते की पंचवीस वर्षांत असं डिफरन्शियल पाहिलं नाही.

धाकट्याने मागचं दार उघडलं. मधल्या गादीवर थोरला हातपाय पसरून झोपला होता. उजेड तोंडावर आला तसा तो जागा झाला, उठून बसला, खालची फरशी, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, झाडलेला कोपरा, सगळं त्याने नीट पाहिलं.

"आपलं गॅरेज एवढं स्वच्छ कधी झालं?" त्याने विचारलं.

मग त्याला गाडीखालून निघणारे कानवाले दिसले. कानवाल्यांनी हात पुसले आणि आब न सोडता म्हणाले, "मी म्हटलंच होतं, मागच्या बाजूला काहीतरी सुटं आहे."

थोरला हसायला लागला. हसता हसता गादीवर आडवा झाला, व्हॅन चारही जॅकवर डुलायला लागली, तेव्हा जमलेली माणसं मागे सरली. धाकट्याला मात्र हसू येईना. तो म्हणाला, "दादा, वहिनी घरात नाहीये. बहुतेक माहेरी गेली."

थोरल्याचं हसणं चढावर गाडी बंद पडावी तसं थांबलं. तो खाली उतरला, चपला घातल्या आणि भिंतीला टेकवलेलं एक चाक उचललं. दुसरं कानवाल्यांनी उचललं. दोन शत्रूंनी मिळून इतक्या झटपट चाकं बसवलेली त्या चौकाने आधी कधी पाहिली नव्हती. गादीवाला गाडी हाकायला बसला, दोघे भाऊ मागे गाद्यांवर. परीक्षेच्या मैदानावर जाऊन साहेबांचे पाय धरायचे आणि पुढची तारीख मागायची, एवढंच आता हातात होतं.

वाटेत थोरला फोमवर बोट फिरवत म्हणाला, "मी कधीचंच दुसरीकडे झोपायला हवं होतं रे. तिला मोठी गाडी चालवायला किती आवडतं. माझ्या नाकापायी राहिलं तिचं."

धाकट्याने खिशातले पैसे मोजले. तो म्हणाला, "आपण नवीन जॅक घेऊ, दादा."

मैदानावर पोचले तेव्हा पांढऱ्या डब्यांच्या दोन रांगांमधून शाळेची बस मागे येत होती. इतकी अलगद, की तिच्या सावलीचाही डब्याला धक्का लागत नव्हता. बस थांबली. साहेब उतरले. ते कागदावर सही करत होते आणि बसकाका डोळे टिपत होता. ड्रायव्हरच्या खिडकीतून वहिनीने डोकं बाहेर काढलं. केस एका बाजूने चपटे झाले होते, गालावर सीटच्या शिवणीचा वळ होता, आणि डोळे असे लखलखीत, की कित्येक वर्षांत कुणी पाहिले नव्हते.

तिचं झालं होतं असं. तिला घरात झोप येईना, म्हणून ती अंगणातल्या बसमध्ये गेली, काचा लावल्या आणि मागच्या लांब सीटवर पडली. तीनला बसकाका मागच्या फाटकाने आला. हाक मारली, घरात कुणी नाही, पुढे गेली असेल असं समजून त्याने बस काढली आणि थेट मैदानावर आणली. वहिनीला जाग आली ती परीक्षेच्या रांगेत. साहेब म्हणाले, परीक्षेला आलेली माणसं घाबरलेली असतात, जांभई देत आलेल्या तुम्ही पहिल्याच.

एका गॅरेजातून, एका दुपारी, दोन झोपलेली माणसं दोन गाड्यांतून दोन दिशांना गेली होती, आणि पहारेकरी टायरांवर बसला होता.

"पण घरात झोप का येईना?" थोरल्याने विचारलं. "मी तर व्हॅनमध्ये होतो."

वहिनी खाली उतरली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग दिराकडे.

"मलाही तेच वाटलं," ती म्हणाली. "हे बाहेर गेले, तरी आवाज निम्माच कमी झाला. म्हटलं, व्हॅनचं दार उघडं राहिलं असेल. बाहेर येऊन बघते, तर दार घट्ट बंद. आणि आवाज कुठून, तर टायरांवरून." ती थोरल्याकडे वळली. "अहो, इतकी वर्षं तुम्हाला एकट्याला बोलत आले मी. निम्मं भाऊजींचं होतं."

धाकटा म्हणाला, शक्यच नाही, मला तर रात्रभर झोपच लागत नाही. तेवढ्यात वहिनीची आई रिक्षातून उतरली, आणि पुढचा अर्धा तास धाकट्याला स्वतःचं समर्थन करायला सवड मिळाली नाही. थोरला मात्र पुन्हा हसायला लागला होता. दोघांचं बिल माझ्या एकट्याच्या नावावर फाडत होतात काय, असं तो रात्री जेवतानाही म्हणत होता आणि घास लागून ठसकत होता. त्या रात्रीपासून दोघे भाऊ शेडमध्ये झोपू लागले. थोरला गादीवाल्याकडून आणलेल्या गादीवर, धाकटा शेजारी. वहिनी आतून दार लावून घेई आणि सकाळी बस घेऊन जाई.

आता शेडमध्ये ती एकच गादी असते. दुपारी धाकटा तिच्यावर तासभर पडतो. परवा गादीवाला व्हॅन घेऊन आला होता. शेडच्या तोंडाशी तो थबकला, आणि डोळे मिटून जरा वेळ नुसता ऐकत उभा राहिला. वहिनी बसची फेरी संपवून आली होती, डबा घासत होती.

"अगदी त्यांचाच आवाज हो," गादीवाला हळू आवाजात म्हणाला.

धाकट्याला तेवढ्यात जाग आली होती. पण त्याने डोळे उघडले नाहीत. त्याला वाटलं, आता वहिनी काहीतरी बोलेल. कदाचित रडेल. आपण झोपलेलंच बरं.

वहिनीने डबा पालथा घातला.

"छे," ती म्हणाली. "ह्यांचा ओरिजनल होता. हा डुप्लिकेट पार्ट आहे. नुसताच वाजतो, घाट चढत नाही."